म्हातारचळाची कैफियत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यावर एक आरोप ठेवण्यात आला. आरोप एकाच शब्दाचा होता. कर्ली नदीच्या खाडीत मी एका फळीवरून पाण्यात पडत असतानाचे छायाचित्र काठावरून कोणीतरी टिपले. आणि आमच्या घरच्या मंडळींनी आपसांत बोलण्यासाठी फोनवर जो अड्डा करून ठेवला आहे, त्यावर ते मी अंग पुसून घरी पोहोचण्यापूर्वीच जाऊन पोहोचले. दोन्ही हात आकाशाकडे, एक पाय हवेत, वल्हे तिसरीकडेच, आणि तोंड असे उघडे, की वर्गात एखाद्या मुलाने तसे केले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते. त्या छायाचित्राखाली माझ्या चुलत दिरांनी एकच शब्द लिहिला: "म्हातारचळ!" दीर माझ्याहून सहा वर्षांनी वडील आहेत आणि त्यांचा शब्द आमच्या घरात आजही मानला जातो.

त्यांना तेथेच उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. वडीलधाऱ्यांशी सणासुदीला वाद घालू नये हे एक. आणि अंगठ्याने टाइप केलेल्या दोन ओळींत मावण्याइतके माझे उत्तर लहान नव्हते, हे दुसरे. पण वर्ष होत आले तरी तो शब्द मनातून जात नाही. तो एकट्या माझ्यावर फेकलेला नाही. पन्नाशी ओलांडून जो कोणी काही नवे शिकू पाहतो, मग ती पेटी असो, सायकल असो, पोहणे असो की एखादी परकी भाषा असो, त्या प्रत्येकाच्या पाठीत आपल्या समाजाने हा शब्द मारलेला आहे. म्हणून ही कैफियत दिवाळी अंकाच्या पानांवर मांडीत आहे. वाचकांनी फराळाचे ताट पुढ्यात घेऊन खुशाल न्यायनिवाडा करावा.

प्रथम आरोपीची ओळख. वय वर्षे त्रेपन्न. मालवण तालुक्यातील एका शाळेत सत्तावीस वर्षे भूगोल शिकवते. गुडघे बरे आहेत, उत्तम नाहीत. पोहता येते, पण ते लहानपणी आजोळच्या विहिरीत शिकलेले. लग्नानंतर पोहण्याचा प्रसंग आला नाही. समुद्रापासून दीड मैलावर राहून पंचवीस वर्षांत मी पाण्यात घोट्याच्या वर गेले नव्हते. पाहुणे आले की त्यांना तारकर्लीला न्यायचे, त्यांच्या चपला सांभाळायच्या आणि ओल्या वाळूत उभे राहून "लांब जाऊ नका" असे ओरडायचे, एवढाच काय तो आमचा सागराशी संबंध!

आता गुन्ह्याचे हत्यार. त्याला इंग्रजीत स्टँड-अप पॅडलबोर्ड म्हणतात; मी साधे 'फळी' म्हणते. साधारण दहा ते अकरा फूट लांब, अडीच-पावणेतीन फूट रुंद अशी ही फळी. हल्ली ती रबरी होडीसारखी हवा भरूनही करतात. पंपाने हवा भरली की सहा इंच जाड आणि लाकडासारखी टणक होते. तळाशी माशाच्या परासारखे एक पाते असते, त्यामुळे ती सरळ चालते. तिच्यावर मधोमध उभे राहायचे, हातात आपल्याहून वीतभर उंच वल्हे घ्यायचे आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मागे सारीत जायचे. ऐकायला इतके सोपे, की पहिल्या सकाळी मी अकरा वेळा पडले.

शिकवणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी. नकाशा भरताना त्याच्याकडून कोयना नेहमी कोकणात उतरायची, म्हणून मी त्याला दोन वर्षे बाकावर उभे केले होते. त्याचा सूड म्हणून की काय, आता तो मला फळीवर उभे करतो. पहिल्याच दिवशी मी वल्हे उलटे धरले. वल्ह्याचे पाते दांड्याशी किंचित वाकलेले असते. तो वाक आपल्याकडे असावा असे मी ठरवून टाकले, कारण पळीने आमटी वाढण्याची तीस वर्षांची सवय! वाक पुढे असावा लागतो. त्याने हसू दाबून वल्हे फिरवून दिले. मग म्हणाला, "बाईनू, पायांकडे बघू नकात. थंय समोरच्या माडाकडे बघा." पायांकडे पाहिले की माणूस पडतो, दूरवर पाहिले की उभा राहतो, हे त्याचे पहिले सूत्र. आणि मी भीतीने आखडून गेले तेव्हा तो जे बोलला ते मी अजून विसरले नाही. तो म्हणाला, "पडलात तर पडलात, बाईनू. खाली पाणी आसा, फरशी नाय."

हे वाक्य मला का लागले ते सांगण्यासाठी माझ्या आईविषयी बोलले पाहिजे.

माझी आई पंचेचाळिशीपर्यंत डोक्यावर कळशी घेऊन ओढ्यावरच्या साकवावरून रोज चार खेपा करीत असे. ज्यांनी साकव पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: दोन-तीन पोफळीची खोडे शेजारी टाकलेली, पावसाळ्यात शेवाळलेली, खाली धावते पाणी. ती त्यावरून जाताना कधीही पायांकडे पाहत नसे. पुढे घरात नळ आला, गॅस आला, सुना आल्या. या सर्व चांगल्याच गोष्टी झाल्या. पण त्यांच्याबरोबर एक वाक्यही आले: "आई, हे काय तुझे वय आहे का? तू बस." तिने साकव सोडला, माळ्यावर चढणे सोडले, जमिनीवर बसणे सोडले. एकेक गोष्ट आम्ही तिच्या हातून मायेने काढून घेतली. एकाहत्तराव्या वर्षी ती न्हाणीघरात, कोरड्या फरशीवर, नुसती वळताना पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पण त्यानंतर ती स्वतःच्या पायांनी अंगणात गेली नाही. साकवावरून कळशी घेऊन जाणारी बाई फरशीवर पडली, याचे कारण तिचे वय, असे सारे म्हणाले. मला तसे वाटत नाही. वय हे अर्धे कारण. उरलेले अर्धे कारण म्हणजे आमचे ते प्रेमळ वाक्य.

माणूस उभा राहतो तो तीन साक्षीदारांच्या जबानीवर: डोळे, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय, आणि तळपाय, घोटे, गुडघे यांतून मेंदूकडे जाणारी वार्ता. चाळिशीनंतर स्नायू झिजू लागतात आणि हे साक्षीदारही हळूहळू मंदावतात. सपाट फरशीवर, सपाट रस्त्यावर त्यांना कोणी काही विचारीतच नाही. मग ते पेंगतात. एरवी आपण "रोज संध्याकाळी फिरायला जातो" असे अभिमानाने सांगतो. अवश्य जावे; हृदयाला ते फार चांगले. पण ओळखीच्या डांबरी रस्त्यावर ओळखीच्या माणसाशी ओळखीच्याच तक्रारी करीत चालताना तोल सांभाळण्याची कसोटी कितीशी लागते? फळीखालचे पाणी मात्र दर क्षणाला प्रश्न विचारते, आणि उत्तर पोटऱ्यांनी, मांड्यांनी, पोटाच्या स्नायूंनी द्यावे लागते.

२०२२ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये ब्राझीलमधील एका पाहणीचा वृत्तांत आला. ५१ ते ७५ वयाच्या १७०२ माणसांना एका पायावर दहा सेकंद, आधार न घेता, उभे राहायला सांगितले. दर पाचांत एकाला ते जमले नाही. पुढे सरासरी सात वर्षे या मंडळींचा मागोवा घेतला, तेव्हा ज्यांना जमले नव्हते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण पुष्कळच अधिक आढळले. वय, वजन आणि असलेले आजार यांचा हिशेब वजा करूनही ते अधिकच राहिले. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते, असे यावरून सिद्ध होत नाही आणि मी तसे म्हणतही नाही. पण तोल ही डोंबाऱ्याच्या खेळातली चीज नसून संसारी माणसाची जमापुंजी आहे, एवढे तरी यावरून मानायला हरकत नसावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा साठीपुढच्यांचा असतो. ही माणसे काही फळीवरून पडलेली नसतात. बहुतेक आपल्याच घरात, आपल्याच जिन्यावर, माझ्या आईसारखी वळताना पडलेली असतात.

तेव्हा "हे वय आहे का?" या प्रश्नाला माझे उत्तर असे: होय, हेच वय आहे. विशीत तोल फुकट मिळतो. तो शिकावा लागतो तो पन्नाशीतच. आणि कोणी आश्रमधर्माचा दाखला देत असेल तर त्याने तो नीट वाचावा. केस पांढरे झाले, नातवंडाचे तोंड पाहिले, म्हणजे गृहस्थाने घर सोडून अरण्यात जावे, कंदमुळे खावीत, भुईवर निजावे, असे मनू सांगतो. वानप्रस्थ म्हणजे आरामखुर्ची, टीव्ही आणि गुडघ्यावर शाल, असे कोणत्याही स्मृतीत लिहिलेले नाही!

येथे मला दुसऱ्या पक्षालाही चार शब्द सुनावले पाहिजेत, कारण ते माझे कैवारी म्हणून पुढे येतात आणि त्यांचा कैवार मला नको आहे. "वय म्हणजे काय हो, नुसता आकडा!" असे म्हणणारी ही मंडळी. यांचे केस काळे, बूट पांढरे आणि बोलणे घोषणांचे. वय हा नुसता आकडा नव्हे. माझा गुडघा तो आकडा रोज पहाटे मला वाचून दाखवतो. ज्या मुलाला फळीवर उभे राहायला एक सकाळ लागते तेथे मला नऊ लागल्या. वय नाकारून जो तरुणाचे सोंग आणतो, त्याला म्हातारचळ खुशाल म्हणावे. त्या शब्दाचा तो रास्त धनी आहे. पण शिकाऊ होणे हे सोंग नव्हे. उलट, शिकाऊ होण्यासाठी असलेले सोंगही उतरवून ठेवावे लागते. मी सत्तावीस वर्षे 'बाई' होते: मला सर्व येते, मी चुकत नाही, मी उभी आणि बाकीचे बसलेले. खाडीत मी सर्वांत ढ विद्यार्थिनी होते. माझ्यामागून आलेली सहावीतली पोर मला ओलांडून गेली आणि वळून म्हणाली, "बाई, गुडघे वाकवा ना!" त्या दिवसापासून वर्गातल्या ढ मुलाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. शिकणे किती लाजिरवाणे असते याचा मला विसर पडला होता, आणि मी शिक्षिका होते!

तिसरा आक्षेप संस्कृतिरक्षकांचा. हे म्हणे पाश्चात्त्यांचे खूळ. खुळाचे मूळ तरी पाश्चात्त्य नाही. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर, वायकिकीच्या किनाऱ्यावर, पर्यटकांना लाटांवरची फळी शिकवणारे लोक गेल्या शतकाच्या मध्यास स्वतः फळीवर उभे राहून होडीच्या वल्ह्याने पाणी मारीत असत, म्हणजे शिष्यांवर आणि येणाऱ्या लाटांवर नजर राहते. त्यांपैकी आचॉय घराण्यातील एकाला मोटारीच्या अपघातानंतर फळीवर गुडघे टेकणे अवघड झाले, म्हणून तो उभाच राहू लागला, असे सांगतात. अधू झालेल्या शरीराने काढलेली ही तोड आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे हा प्रकार जगभर पसरला, तेव्हा हा खेळ नावेचा की लाटेचा यावरून दोन आंतरराष्ट्रीय संघटनांत भाऊबंदकी माजली आणि २०२० साली क्रीडा लवादाला निवाडा करावा लागला. ऑलिंपिकच्या दरबारी तो लाटवाल्यांच्या पदरात पडला. मी मात्र मनाने नाववाल्यांच्या बाजूची आहे. कारण आमच्या खाडीत लहान होडीवर उभे राहून लांब बांबूने ती रेटणारी माणसे मी जन्मापासून पाहत आले आहे. ते पाहायला हवाई बेटांवर जावे लागत नाही.

आणि परके म्हणून टाकायचे झाले, तर समोरच्या ताटातून सुरुवात करू या. चिवड्यातली मिरची आणि शेंगदाणे हे दोन्ही अमेरिका खंडातून आलेले. आपल्या हातातला हा दिवाळी अंकही! १९०९ साली 'मनोरंजन'कर्त्या मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला, तो विलायती नाताळ अंकांची धाटणी पाहूनच, असे सांगतात. चांगले ते घ्यावे आणि आपले करून टाकावे, हा आपला खरा बाणा. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. फळी स्वस्त नाही, आणि शिक्षिकेच्या पगारात ती विकत घेण्याची गरजही नाही. आम्ही चार जणींनी मिळून एक जुनी फळी घेतली आहे. एक पाण्यात असते तेव्हा तिघी काठावर बसून गप्पा मारतात आणि पडणारीला गुण देतात.

चौथा आक्षेप जिवाच्या भीतीचा. हा एकच आक्षेप मी डोके खाली घालून ऐकते, कारण तो खरा आहे आणि मला त्याचा धडा मिळाला आहे. मी सत्तावीस वर्षे फळ्यावर बाण काढून शिकवीत आले: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. दोन गुणांचा प्रश्न. डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही खाडी सोडून समुद्राच्या बाजूला गेलो. किनाऱ्यालगत पाणी आरशासारखे. फळी अशी सुरेख चालली, की आपण आता पारंगत झालो असे मला वाटू लागले. मागे वळून पाहिले तेव्हा किनाऱ्यावरचे माड बोटाएवढे दिसत होते. माझ्या पाठीवर जो वारा होता तो मतलई होता! फळ्यावरचा बाण मला ढकलीत नेत होता आणि मी त्याचे श्रेय माझ्या वल्ह्याला देत होते. मुलगा ओरडत आला, "गुडघ्यांवर बसा, बाईनू!" उभ्या माणसाचे शरीर म्हणजे शीड, बसले की वारा कमी लागतो. त्याने माझी फळी आपल्या फळीला दोरीने बांधली आणि अर्धा तास वल्हवून मला काठाला आणले. तो एक शब्दही बोलला नाही. कोयना आता त्याची बरोबर जागी होती. खारे-मतलई वारे माझे चुकले होते.

म्हणून सांगते: जो कोणी माझे ऐकून पाण्यात उतरेल, त्याने प्रथम पोहायला शिकावे. हृदयाचा, रक्तदाबाचा वा चक्कर येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. अंगात तरंगते जाकीट आणि फळीला बांधलेली दोरी यांवाचून पाऊल टाकू नये. मात्र वाहत्या पाण्यात, जेथे जाळ्यांचे खुंट वा झाडोरा असतो, तेथे घोट्याची दोरी अडकून घात करते, म्हणून कमरेला बांधलेली, एका हिसक्यात सुटणारी दोरी हवी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि ओहोटीच्या ओढीत खाडीच्या मुखाकडे फिरकू नये. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा नवख्याने शिकावे. एकट्याने कधीही जाऊ नये.

पण जिवाची भीती दाखवणाऱ्यांना माझाही एक प्रश्न आहे. २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. ती सारी काही खेळायला गेली होती काय? आमच्या शाळेतल्या पुस्तकात महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा असल्याचे मी वाचून दाखवते, आणि त्याच वर्गातल्या निम्म्या मुलींना पोहता येत नाही. त्यांच्या आयांना येत नाही. पाण्याची भीती ही शहाणपणाची खूण म्हणून आपण मुलींना आंदण देतो. मी ओल्या वाळूत उभी राहून पंचवीस वर्षे "लांब जाऊ नका" असे ओरडले. एखादा खरोखर बुडू लागला असता, तर मी ओरडण्यापलीकडे काय करणार होते? काठावरचे अज्ञान आपण सुरक्षितता समजतो. यंदा आमच्या शाळेतल्या चौदा मुली, त्यांच्या पाच आया आणि एक आजी पोहणे शिकत आहेत. आजी सर्वांत कमी कुरकुर करते.

शेवटचा आक्षेप म्हणजे "लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतात ते आता मला ठाऊक आहे. ते एकच शब्द म्हणतात आणि जेवायला निघून जातात. माझी आई आज असती तर काय म्हणाली असती, याचा मात्र मी पुष्कळ विचार केला. ती प्रथम रागावली असती, ओल्या कपड्यांबद्दल. मग हळूच विचारले असते, "साकवापेक्षा अवघड आहे का गं?"

कैफियत संपली. वाचकांना एकच विनंती आहे. फराळ झाला, की घरातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने भिंतीजवळ, कोणालातरी शेजारी ठेवून, एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहावे. अभ्यंगस्नानाच्या तेलकट पायांनी मात्र नको! जमले तर लाडू खावा. न जमले तरी लाडू खावा. पण मग आजपासून काहीतरी शिकायला घ्यावे. फळीच पाहिजे असे नाही. पोहणे चालेल, सायकल चालेल, फुगडीही चालेल. पण पडण्याची सोय असलेले, आणि आपल्याहून लहान कोणीतरी आपल्याला रागे भरू शकेल असे, काहीतरी असावे.

आमचे दीर यंदा भाऊबीजेनंतर सहकुटुंब आमच्याकडे येणार आहेत. अष्टमीच्या सुमारास खाडीला भांग असेल, पाणी शांत असेल, फळी तयार असेल. त्यांनी पोहता येते की नाही एवढेच आधी कळवावे. येत नसेल तर सुरुवात तिथून करू. ते पडले तर मी त्यांचे छायाचित्र काढणार नाही, हे या अंकाच्या साक्षीने लिहून देते.